घरातील वीज मोजणारी यंत्रे : त्यांचा खरेपणा आणि उपयोग

जेथे देवघेव आहे तेथे मापाची आवश्यकता असते, आणि जेथे माप आहे तेथे ते खरे की खोटे हा प्रश्न आपोआपच उत्पन्न होतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलखात हा प्रश्न कोणास नवा नाही. उन्हाळ्यात तेंदूची पुडकी घेऊन फळीवर आलेल्या बाईचे सारे लक्ष मोजणाऱ्याच्या हाताकडे असते. मोहफुले विकावयास बाजारात बसलेला मनुष्य तराजूच्या काट्यावरून दृष्टी हलवीत नाही. पवित्र शास्त्रातही वजने व मापे खरी असावीत ही गोष्ट केवळ व्यापाराची म्हणून नव्हे, तर धर्माची म्हणून सांगितली आहे. परंतु याच लोकांच्या घरच्या भिंतीवर रात्रंदिवस चालणारे एक माप टांगलेले असते आणि त्याकडे महिन्यातून एकदाही कोणी निरखून पाहत नाही. बिल हाती पडले म्हणजे मात्र सर्व दोष त्या मापाच्या माथी मारला जातो. ते माप म्हणजे विजेचे मीटर होय.

अलीकडे या मीटराच्या जोडीला आणखी काही लहान यंत्रे बाजारात आली आहेत. कोणते उपकरण किती वीज खाते हे घरच्या घरी दाखविणे हा त्यांचा हेतू आहे. ही यंत्रे कितपत खरी सांगतात व त्यांच्यापासून कुटुंबास कोणता लाभ होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणे आणि त्याच्यावर आंधळा संशय घेणे ही दोन्ही एकाच अज्ञानाची लेकरे आहेत. माहीत असलेल्या गोष्टीशी यंत्राची गाठ घालून पाहावी, आणि मग काय ते ठरवावे.

आपला जिल्हा हा विजेचे माहेरघर आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चंद्रपूरजवळ ऊर्जानगर येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. इरई धरणाचे पाणी आणि खाणीतील दगडी कोळसा यांपासून तेथे निघणारी वीज दूरदूर जाते. चंद्रपुरापासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची खास वाहिनीही १९९९ पासून काम करीत आहे. इकडे रानातून लांबवर गेलेल्या तारांच्या शेवटच्या टोकास असलेल्या गावी मात्र संध्याकाळी दिवे मंद होतात व पंखे रेंगाळतात. मोजमापाच्या विचारात हा भेद महत्त्वाचा आहे, तो पुढे दिसून येईल.

प्रथम 'युनिट' म्हणजे काय हे पक्के समजून घेतले पाहिजे. वॅट आणि युनिट यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. बैलगाडीचा वेग निराळा व तिने तोडलेले अंतर निराळे. त्याचप्रमाणे वॅट हा वीज खर्च होण्याचा वेग असून युनिट ही खर्च झालेली एकंदर वीज होय. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते. या हिशेबाने ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट खर्च करावयास १११ तास घेतो. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा तेरा तासांहून थोडा अधिक वेळ घेतो. पाणी तापविण्याचा १,५०० वॅटचा रॉड तेवढीच वीज अवघ्या ४० मिनिटांत संपवितो. एवढे कोष्टक ज्याच्या ध्यानात राहिले त्याने अर्धा विषय जिंकला.

वीज मोजण्याच्या यंत्राचा इतिहासही बोधप्रद आहे. एडिसनने आपल्या पहिल्या ग्राहकांसाठी जे माप योजिले होते त्यात जस्ताच्या पट्ट्या एका द्रावात बुडविलेल्या असत. विजेचा प्रवाह जाईल तसतसे एका पट्टीचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याअखेर कंपनीचा मनुष्य त्या पट्ट्या नेऊन वजन करी व त्यावरून बिल होई. युक्ती नामी होती. परंतु ग्राहकास आपला खर्च स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याची सोय तीत नव्हती. पुढे १८८९ मध्ये हंगेरीतील ओट्टो ब्लाथी याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरी जी ॲल्युमिनियमची चकती फिरताना दिसे ती त्याच कुळातील. आता चकतीच्या जागी लुकलुकणारा तांबडा दिवा आला आहे. यंत्र बदलले तरी एक गोष्ट कायम राहिली, ती ही की ज्याला वाचता येते त्यालाच मापाचा उपयोग होतो.

आता खरेपणाचा विचार करू. घरोघरी बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरावर त्याचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ चे मीटर म्हणजे नेहमीच्या भारावर शंभर युनिटांमागे एका युनिटापेक्षा अधिक चूक होऊ नये असे यंत्र. अगदी थोड्या भारावर याहून किंचित अधिक सूट असते. म्हणजे निर्दोष मीटराच्या चुकीने तीनशे युनिटांच्या बिलात फार तर तीन युनिटांचा फरक पडेल. बिल दुप्पट होणे त्या चुकीने शक्य नाही. तथापि सर्वच यंत्रे सर्व परिस्थितीत निर्दोष असतात असेही नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरे तपासली. मंदक लावलेल्या दिव्यांसारख्या उपकरणांनी प्रवाहाचे रूप वेडेवाकडे केले असता त्यांतील पाच मीटरे अधिक वाचन दाखवू लागली. एकाने तर खऱ्यापेक्षा ५८२ टक्के अधिक दाखविले. उलट दोन मीटरांनी सुमारे ३० टक्के कमी दाखविले. हा भार मुद्दाम जुळवून आणलेला होता व सामान्य घरात तसा क्वचितच आढळेल. परंतु "यंत्र आहे, ते चुकणारच नाही" असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्याकडे २०२४ मध्ये पूर्वदत्त स्मार्ट मीटरांस ठिकठिकाणी विरोध झाला. त्या वर्षीच्या जून महिन्यात, सामान्य घरगुती ग्राहकांकडे असे मीटर बसविणार नाही, अशी घोषणा राज्य शासनाने केली. त्यानंतर बिल मागाहून येईल अशा पद्धतीची स्मार्ट मीटरे बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. या वादात लोकांच्या मनात जो प्रश्न होता तो शेवटी मापावरील विश्वासाचाच होता, आणि विश्वास हा परीक्षेने येतो, घोषणेने येत नाही.

बिल वाढण्याची कारणे बहुधा मीटराबाहेरच सापडतात. एक उदाहरण घेऊ. एका घरी ७५ वॅटचे दोन पंखे रोज बारा तास चालतात. महिन्यास ५४ युनिटे झाली. रोज एक युनिट घेणारा फ्रिज, ३० युनिटे. चार एलईडी दिवे पाच तास, सुमारे साडेपाच युनिटे. ६० वॅटचा दूरदर्शन संच चार तास, सात युनिटे. एकंदर सुमारे ९७ युनिटे, म्हणजे पहिल्या शंभरांच्या आत. चैत्र-वैशाख लागला, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, आणि २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालू लागला. त्याची ६० युनिटे मिळून आकडा १५७ झाला. महावितरणच्या दरपत्रकात शंभर युनिटांवरील विजेचा दर पहिल्या शंभरांपेक्षा बराच अधिक आहे. त्यामुळे युनिटे दीडपट झाली तर रुपये त्याहून अधिक पटीने वाढतात. घरधनी म्हणतो, "मीटर पळू लागले." वस्तुतः पळत होता तो कूलर. याशिवाय वाचन न घेता सरासरीने दिलेले बिल, मागील थकबाकी आणि बिलातील दिवसांची संख्या या तीन गोष्टी बिलाच्या कागदावरच पाहावयास मिळतात. मीटराला दोष देण्यापूर्वी तो कागद वाचावा.

घरात कोठे किती वीज जाते हे शोधण्यासाठी जी यंत्रे मिळतात ती मुख्यतः दोन जातींची आहेत. पहिली प्लगात खोचावयाची. यंत्र भिंतीच्या प्लगात आणि उपकरण यंत्रात लावावयाचे. हे यंत्र विजेचा दाब व प्रवाह ही दोन्ही मोजते. म्हणून चांगल्या बनावटीचे असल्यास त्याचे वाचन विश्वसनीय असते. मात्र एकदोन वॅटच्या बारीक भारावर ते अडखळते. दुसरी जात चिमट्याची. वायरमन ज्यास टाँग टेस्टर म्हणतात त्याच तत्त्वावर ती चालते. तारेभोवती कडे बसविले की तारेभोवतालच्या चुंबकीय क्षेत्रावरून प्रवाह कळतो. हे कडे एकाच तारेभोवती असावे लागते. जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा त्यात घेतल्या तर दोहोंची क्षेत्रे एकमेकांस मारतात आणि यंत्र शून्य दाखविते.

स्वस्त चिमटायंत्राचे वैगुण्य येथेच आहे. ते केवळ प्रवाह मोजते आणि दाब २३० व्होल्ट आहे असे गृहीत धरून गुणाकार करते. शहरात दाब त्या सुमारास असेल तर फारसे बिघडत नाही. परंतु रानातील गावी संध्याकाळी दाब १८४ व्होल्टांवर, म्हणजे चार पंचमांशांवर, उतरला असे समजा. एक हजार वॅटच्या शेगडीतून पूर्ण दाबाला ४.३५ अँपिअर प्रवाह जातो. आता तो सुमारे ३.४८ अँपिअर जाईल. खरी शक्ती १८४ गुणिले ३.४८, म्हणजे सुमारे ६४० वॅट. चिमटायंत्र मात्र २३० ने गुणून ८०० वॅट दाखवील. म्हणजे खऱ्याच्या सव्वापट! यंत्र नादुरुस्त नाही. त्याने गृहीत धरलेली गोष्ट त्या गावी खरी नाही. विद्यार्थ्यांनी येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पूर्ण दाबावर जे पाणी दहा मिनिटांत तापले असते त्याला आता सुमारे सोळा मिनिटे लागतील; म्हणून "दाब कमी झाला, आता बिलही कमी येईल" ही समजूत शेगडीपुरती तरी व्यर्थ आहे.

दुसरे वैगुण्य पॉवर फॅक्टरचे. काही उपकरणे जेवढा प्रवाह घेतात तेवढा सर्व कामास लावीत नाहीत. ०.५ पॉवर फॅक्टर असलेला ९ वॅटचा हलका एलईडी दिवा घेतला तर केवळ प्रवाहावरून हिशेब करणारे यंत्र त्याला १८ वॅटचा ठरविते. घराचे मीटर मात्र खरे ९ वॅटच मोजते आणि घरगुती बिल त्यावरच होते. तेव्हा चिमटायंत्राचे वाचन आणि मीटराचे वाचन जुळत नाही म्हणून मीटरवाल्यांशी भांडावयास निघण्यापूर्वी, आपले यंत्र दाब व पॉवर फॅक्टर मोजते की नाही हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

मग मीटराची परीक्षा घरी कशी करावी? याला पैसे लागत नाहीत. एक घड्याळ, एक वही व दोन जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे तारेचे दिवे पुरे.

पहिला प्रयोग शून्य भाराचा. मीटरापुढील मेन स्विच बंद करून पाव तास मीटराच्या तांबड्या दिव्याकडे पाहावे. तो लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर मीटरात दोष असावा, किंवा मेन स्विचच्या आधीच कोठून तरी तार गेलेली असावी. नंतर मेन चालू करून घरातील सर्व बटणे बंद करावी व प्लग काढावे. आता दिवा लुकलुकू लागला तर घरातील वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा एखादे उपकरण विसरले आहे. गळती ही बिलापेक्षा जिवाला अधिक घातक असल्यामुळे तेथे परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

दुसरा प्रयोग माहीत असलेल्या भाराचा. मीटरावर एका युनिटास किती लुकलुक होतात तो आकडा छापलेला असतो. तो ३,२०० आहे असे धरू. घरातील इतर सर्व बंद करून १०० वॅटचे दोन दिवे पंधरा मिनिटे लावावे. २०० वॅट पाव तास म्हणजे ५० वॅट-तास, एका युनिटाचा विसावा भाग. म्हणून लुकलुक १६० च्या सुमारास मोजल्या गेल्या पाहिजेत. मात्र दाब दहा टक्के कमी असेल तर तारेचा दिवा सुमारे पंधरा टक्के कमी वीज घेतो, आणि दिव्यावर छापलेला आकडाही तंतोतंत नसतो. यास्तव १५० किंवा १६५ आल्यास शंकेचे कारण नाही. २४० आल्यास आहे. या परीक्षेने एक टक्क्याची चूक सापडणार नाही. पण ज्या मोठ्या चुकीमुळे गरिबाचे घर बुडते ती हटकून सापडेल.

अशी चूक आढळली तर आरडाओरडा न करता वहीतील नोंदीसह लेखी तक्रार द्यावी. विद्युत ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरे मीटर जोडीला बसवावे आणि निदान तीन महिने दोहोंचे वाचन ताडून पाहावे, असे त्यात सांगितले आहे. तेवढ्याने समाधान न झाल्यास २००३ च्या विद्युत अधिनियमाप्रमाणे स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. हक्क कागदावर असतो. तो मागण्यासाठी तारीख, वेळ व आकडा हाती असावा लागतो.

आता उपयोगाविषयी. "आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते" ही म्हण पुष्कळ घरांतील विजेस लागू पडते. चार एलईडी दिव्यांपैकी एखादा जळत राहिला म्हणून मुलांना बोलणी बसतात. पण चारही दिवे महिनाभर मिळून साडेपाच युनिटेच खातात. दोन जुने पंखे ५४ युनिटे खातात, त्यांना कोणी बोलत नाही. त्यांच्या जागी २८ वॅटचे नव्या पद्धतीचे पंखे बसविले तर तेवढ्याच वेळात सुमारे २० युनिटे लागतील. वाचलेली ३४ युनिटे, कूलर चालू असलेल्या महिन्यात, शंभरावरच्या महाग दरातून वजा होतात. मोजणाऱ्या यंत्राचा खरा लाभ हाच की ते आपला राग योग्य ठिकाणी नेऊन सोडते. अशा कामासाठी वाचनात पाचदहा टक्क्यांची चूक असली तरी चालते. कारण आपणास दिवा मोठा की पंखा मोठा एवढेच ठरवावयाचे असते. मात्र बिलाशी वाद घालावयाचा तर तेवढी चूक चालणार नाही.

तथापि यंत्र विकत घेतल्याने वीज वाचते असे कोणी समजू नये. ऑक्सफर्ड येथील सारा डार्बी यांनी २००६ मध्ये अनेक देशांतील प्रयोगांचा आढावा घेतला. आपला वापर त्याच वेळी डोळ्यांपुढे दिसत असला तर ५ ते १५ टक्के बचत होते असे त्यांना आढळले. परंतु नेदरलँड्समधील एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, चार महिन्यांअखेर दिसलेली ७.८ टक्क्यांची बचत पुढे टिकून राहिली नाही. नवे आहे तोवर मनुष्य यंत्राकडे पाहतो, मग ते भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे होऊन जाते. यंत्र दाखविते, उठून बटण बंद करणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

शिवाय खर्चाचाही विचार पाहिजे. सतत चालणारे यंत्र स्वतः दीड वॅट घेत असले तर वर्षाकाठी १३ युनिटे खाते. महिन्यास चाळीस युनिटे वापरणाऱ्या रानातल्या घराला असे यंत्र म्हणजे शेळीपेक्षा दोरी महाग. त्यापेक्षा शाळेने एक चांगले प्लगचे मीटर घ्यावे आणि विद्यार्थ्यांनी ते आळीपाळीने घरी नेऊन प्रत्येक उपकरणाचा आकडा वहीत उतरवावा. पंख्यास एक दिवस आणि फ्रिजला दोन दिवस पुरतात. नंतर यंत्र शेजारच्या घरी जाते व वही आपल्याजवळ राहते.

त्या वहीत विजेचा दाबही लिहावा असे आम्ही आग्रहाने सुचवितो. घरगुती दाब २३० व्होल्टांच्या सहा टक्के वरखाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ यांच्या दरम्यान असावा. पुण्याच्या प्रयास (ऊर्जा गट) या संस्थेने दाबाची मिनिटामिनिटाची नोंद करणारी लहान यंत्रे निरनिराळ्या राज्यांत बसवून ती नोंद सर्वांस पाहावयास खुली केली. त्यामागील विचार आपण घेण्यासारखा आहे. कंपनी आपला वापर मोजते. तिच्याकडून आपणास वीज कशी मिळते हे आपणही मोजावे. दूरच्या खेड्याला एका युनिटाची काटकसर शिकविण्याइतकेच, त्याच्या वाट्याचा पूर्ण दाब त्याला मिळतो की नाही हे पाहणेही न्यायाचे आहे.

दगडी कोळशापासून एक युनिट वीज करावयास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. वर सांगितलेली ३४ युनिटे म्हणजे एका महिन्यात एका घरापाठीमागे सतरा किलोंहून अधिक कोळसा, आणि त्याची राख व धूर ज्या हवेत मिसळतात ती आपलीच हवा आहे. इतर ठिकाणच्या लोकांस वीज ही तारेतून येणारी वस्तू वाटते. ती खाणीतून येते हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत घरच्या मीटरावरचा आकडा रोज ठरलेल्या वेळी लिहून ठेवण्याचा नेम करा. तीस दिवसांनी बिल येईल, तेव्हा ते उघडण्यापूर्वी त्यात किती युनिटे असतील ते वडिलांस सांगा. आकडा जुळला तर विनाकारण संशय गेला. न जुळला तर वादासाठी पुरावा हाती आला. दोन्ही प्रकारे घरात एक खरे माप आले असे होईल.